एप्रिलमध्ये देवबागला फ्लाय फिशिंग: आधी पंचांग, मग रॉड

तुमच्या प्रश्नाचा गोषवारा असा. हिमाचलातल्या तीर्थनच्या खोऱ्यात ट्राउट माशावर चार-पाच हंगाम हात बसला आहे, जवळ सहा वजनाचा रॉड आहे (हा आकडा लाइनच्या वजनाचा, मोठा तितका रॉड दणकट), एप्रिलच्या मध्यावर मालवणजवळच्या देवबागला चार दिवसांचा मुक्काम ठरतो आहे. खाऱ्या पाण्यात फ्लायला, म्हणजे हुकावर पिसं-केस बांधून केलेल्या नकली आमिषाला, काही लागेल का, कधी आणि कुठे उभं राहायचं, तोच रॉड चालेल का, आणि फ्लाय कोणत्या बांधून आणू.

लागेल. फक्त तारखा अजून पक्क्या केल्या नसतील तर थांबा. माझ्या पाहण्यात पुण्या-मुंबईहून आलेले बहुतेक जण शनिवार-रविवार बघून खोली घेतात, मग इथे आल्यावर भरती-ओहोटीचं कोष्टक उघडतात आणि रिकाम्या हाताने परत जातात. दोष ना त्यांच्या हाताचा असतो, ना माशांचा. चैत्र-वैशाखात आपल्या किनाऱ्यावर दोन घड्याळं चालतात, एक वाऱ्याचं आणि एक पाण्याचं. ती दोन्ही जुळतात असे दिवस महिन्यात मोजकेच. तुम्हाला तेच चार दिवस हवेत.

वाऱ्याचं घड्याळ सोपं आहे, कारण ते रोज जवळपास सारखंच चालतं. रात्री जमीन निवते आणि पहाटे जमिनीकडून समुद्राकडे हलका वारा सुटतो. शाळेत त्याला मतलई वारा म्हणून शिकलो तोच. या वेळी खाडीचं पाणी तेल ओतल्यासारखं गुळगुळीत असतं. साडेनऊ-दहाला हा वारा मरतो, दहा-पंधरा मिनिटं काहीच हलत नाही, उकाडा एकदम अंगावर येतो आणि मग वायव्येकडून खारा वारा सुरू होतो. दुपारी तीन-चारला तो इतका चढतो की नारळाच्या झावळ्या एका बाजूला विंचरल्यासारख्या दिसतात. माझ्या ओळखीचे एक होडीवाले काका आहेत, ते पाण्याकडे बघतही नाहीत. मानेवरचा घाम सुकला की म्हणतात, "वारो फिरलो, आता आवरा."

आवरण्याचं कारण फक्त कास्ट (लाइनची फेक) पडत नाही एवढंच नाही. आपली पुळण, म्हणजे वाळूचा किनारा, पश्चिमेकडे तोंड करून आहे. तुम्ही समुद्राकडे बघत उभे राहिलात तर उत्तर उजव्या हाताला येते, म्हणजे वायव्येचा वारा समोरून उजव्या अंगाने येतो. उजव्या हाताने फ्लाय टाकणाऱ्यासाठी याहून वाईट कोन नाही: पुढे जाणारी लाइन वारा उचलतो आणि थेट तुमच्या डोक्यावर आणून सोडतो. पहिल्याच वर्षी शिशाच्या डोळ्यांची फ्लाय माझ्या उजव्या कानाच्या पाळीत आरपार गेली. हुकाचा काटा पकडीने दाबून सपाट केलेला होता म्हणून ती आली तशी निघाली, नाहीतर मालवणला जाऊन टाके घ्यावे लागले असते. तेव्हापासून हुकाचा काटा दाबल्याशिवाय मी फ्लाय लाइनला बांधत नाही आणि चश्मा-टोपीशिवाय पाण्यात उतरत नाही. वाऱ्यात टाकावंच लागलं तर समुद्राकडे पाठ करून उभं राहायचं, पुढचा कास्ट गावाकडे आणि मागचा कास्ट समुद्रात सोडायचा. बघणाऱ्यांना वेड्यासारखं वाटतं, पण लाइन अंगापासून दूर राहते.

आता पाण्याचं घड्याळ. कोकणात जुनी माणसं भरतीची वेळ काढायला मोबाइल उघडत नाहीत. तिथीला पाऊणने गुणायचं, आलेलं उत्तर म्हणजे पूर्ण भरतीची वेळ. पंचमी असेल तर पाच गुणिले पाऊण, पावणेचार: पहाटे पावणेचार आणि दुपारी पावणेचारच्या पुढे थोडी. अष्टमीला सहा वाजता. अमावास्या-पौर्णिमेला पंधरा धरायचे, म्हणजे सव्वाअकरा. भरतीनंतर सव्वासहा तासांनी ओहोटी, आणि रोज सगळं पाऊण तासाने पुढे. मालवणच्या बाजूला प्रत्यक्ष वेळ या हिशेबापेक्षा थोडी आधी येते आणि खाडीत जसजसं आत जाल तसतशी उशिरा. शिवाय दिवसातल्या दोन ओहोट्या सारख्या नसतात, एकीला पाणी जास्त खाली जातं. म्हणून शेवटी कोष्टक बघायचंच. पण घरी बसून तारखा ठरवायला पाऊणकीचा हिशेब पुरतो.

हे दोन हिशेब एकावर एक ठेवा. एप्रिलच्या मध्यावर इथे सूर्य सव्वासहाच्या सुमाराला उगवतो आणि वारा साडेनऊ-दहाला फिरतो. मधले साडेतीन तास तुमचे. या साडेतीन तासांत पाणी धावत असलं पाहिजे. थांबलेल्या पाण्यात मासा तोंड उघडत नाही. खाडीसाठी उतरतं पाणी उत्तम, म्हणजे पहाटे तीन-साडेतीनला भरती होऊन सकाळभर सुकती (ओहोटीचं उतरतं पाणी) चालू हवी. ते कधी? तृतीया ते षष्ठी. त्यातही उधाणाचा जोर अमावास्येनंतर दोन-तीन दिवस टिकतो, म्हणून पाणी चांगलं ओढ घेतं. मी शुद्ध पक्ष निवडतो, कारण वद्य तृतीयेला रात्रभर चांदणं असतं आणि चांदण्यात मासा रात्रीच पोट भरून घेतो असा माझा अनुभव आहे. इतरांना विचाराल तर ते वेगळं सांगतील.

अष्टमी-नवमीला मात्र येऊ नका. भांगाचं, म्हणजे सगळ्यात कमी चढ-उताराचं, पाणी असतं, पहाटे नेमकी भरती भरून थांबलेली आणि नंतरची ओहोटी इतकी मंद की व्हाळाच्या (लहान ओढ्याच्या) तोंडाशी तरंगणारं पान जागचं हलत नाही. आणि पुळणीवरून टाकायचं असेल तर उलटा हिशेब: एकादशी ते त्रयोदशी घ्या. तेव्हा सकाळी आठ-साडेनऊपर्यंत पाणी चढत असतं आणि पुळणीलगतच्या घळीत बारीक बोय मासे आत येतात, त्यांच्यामागे कोकर आणि दागोळ हे शिकारी मासे. सकाळी सूर्य पाठीमागे, जमिनीच्या बाजूला असतो, त्यामुळे पाण्याच्या आतलं स्पष्ट दिसतं. पोलरॉइड चश्मा हवाच. आपली लांब सावली पाण्यात पडू देऊ नका, एवढंच.

किनाऱ्याची एक गोष्ट ध्यानात घ्या. मुंबईच्या बाजूला उधाणात पाणी चार मीटरच्या पुढे चढतं-उतरतं आणि गाळ ढवळून समुद्र चहासारखा होतो. मालवणला हाच फरक साधारण दोन मीटर. एप्रिलपर्यंत नद्यांचं गोडं पाणी आटलेलं असतं, खारं पाणी खाडीत बरंच आत शिरतं, गाळ बसलेला असतो. फ्लायला स्वच्छ पाणी लागतं, कारण वास नसतो, मासा डोळ्यांनीच येतो. म्हणून रायगडातल्या खाड्यांपेक्षा या दिवसांत मी दक्षिणेकडे, कर्ली, आचरा, कालावल या पट्ट्यात राहतो. पण काचेसारखं पाणीही नको. भरतीचं हिरवट पाणी आणि खाडीतून उतरणारं गढूळ पाणी यांची जिथे रेघ पडते ना, ती रेघ शोधा. जिताडा, खाडीतला मोठा शिकारी मासा, त्या रेघेच्या गढूळ बाजूला तोंड बाहेर काढून उभा असतो.

देवबागला ही रेघ अगदी घरापाशी येते. कर्ली नदी आणि समुद्र यांच्यामधली ती चिंचोळी जीभ, टोकाला संगम, पलीकडे भोगवे. संगमावर साडेनऊच्या पुढे जेट-स्की आणि पॅराशूटवाले सुरू होतात, सुट्टीत तर विचारू नका. म्हणजे वारा नसता आला तरी तुमचा वेळ तिथेच संपला असता. मी संगमापेक्षा खाडीच्या आत, तिवरांच्या बाजूने जातो. होडी वल्ह्याची घ्या. इंजिनाचीच मिळाली तर ते पाचशे पावलांवर बंद करणाऱ्या होडीवाल्याला चार पैसे जास्त द्या.

नेमकं काय बघायचं ते सांगतो. तिवरांच्या मधून एखादा हात-दोन हात रुंदीचा व्हाळ खाडीत उतरतो. भरतीला त्यातून पाणी आत भरलेलं असतं. सुकतीला ते बाहेर यायला लागतं आणि त्याबरोबर आत लपलेली सुंगटं (कोळंबी) आणि बोटभर बोय. पहिला तासभर काही होत नाही. मग पाणी इतकं उतरतं की तिवरांची मुळं उघडी पडतात, त्यांवरची कालवं टकटक वाजायला लागतात, आणि लपायला जागाच उरत नाही. सुंगटं पाण्याबाहेर टुणटुण उड्या मारायला लागली की समजा खाली कोणीतरी आलं आहे. आणि मग आवाज येतो. कोकर खातो तेव्हा पाणी फाटल्यासारखा सळसळाट होतो, पण जिताडा एका जागी उभा राहून तोंड उघडतो आणि पाण्यासकट भक्ष्य आत ओढतो. बाटलीचं बूच ओढल्यासारखा एकच "बुप". पाण्यावर फक्त एक गोल राहतो. त्या गोलाच्या हातभर वरच्या अंगाला फ्लाय टाका, प्रवाहाने ती वाहत येऊ द्या आणि बोटभर-बोटभर झटके देत ओढा. पंधरा मीटरचा कास्ट पुष्कळ झाला. लांब टाकण्यापेक्षा पहिल्याच कास्टला नेमकं पडणं महत्त्वाचं, कारण दुसऱ्याला तो बहुधा नसतो.

आता तुमची खरी परीक्षा. ट्राउटवाल्यांचा हात मासा लागला की रॉड वर उचलतो. इथे ते केलंत की फ्लाय तोंडातून निघून येते. जिताड्याचं तोंड कठीण आहे, हुक रुतवायला लाइन हाताने सरळ मागे खेचावी लागते, रॉडचं टोक पाण्याकडे ठेवून. मी तीन चांगले मासे असेच घालवले तेव्हा कुठे हात वळला. घरी निघण्यापूर्वी दाराच्या कडीला लाइन बांधून, रॉड खाली ठेवून, डाव्या हाताने खेचायचा सराव करा. हसू येईल, पण करा.

सहा वजनाचा रॉड आणा, टाकून देऊ नका. पहाटे वारा नसताना आत खाडीत लहान कोकर, लहान तांबोशी या माशांवर तो मजा देतो. पण तिवराच्या मुळांत शिरू बघणारी दोन किलोची तांबोशी त्या रॉडने थांबत नाही. ती पहिल्या दोन सेकंदांत तुम्हाला हरवते. एखाद्या मित्राकडून आठ वजनाचा मिळाला तर उसना घ्या, नऊही चालेल. रॉडपेक्षा लाइनचं बघा. थंड पाण्यासाठी केलेली लाइन इथल्या उन्हात मऊ पडते, चिकट होते आणि रॉडवरच्या कड्यांमध्ये (गाइडमध्ये) अडकते. उष्ण प्रदेशासाठीची तरंगती लाइन घ्या, या सगळ्या खर्चात हा एक खर्च टाळता येत नाही. लीडर, म्हणजे लाइन आणि फ्लाय यांच्यामधला धागा, निमुळता, नाजूक नको: चाळीस, तीस, वीस पौंड ताकदीचे असे तीन तुकडे जोडा आणि फ्लायच्या आधी वीतभर पुन्हा चाळीसचा तुकडा. जिताड्याच्या गालफडाची कड ब्लेडसारखी असते, त्यावर घासली की वीस पौंडांची लाइन जाते.

खाडीत तुम्हाला सगळ्यात जास्त भेटणारे दोन पाहुणे म्हणजे टोळ आणि केंड हे मासे. टोळ फ्लायच्या मागे येतो, चोचीने चापट्या मारतो आणि लागत नाही, कारण त्या चोचीत हुक रुतायला जागाच नाही. केंड मागून येऊन फ्लायचं अर्धं शेपूट कातरून नेतो. कोळ्यांची जाळी कुरतडणारा तोच, त्यामुळे त्याच्या नावाने इथे शिव्याच ऐकाल. सलग दोन फ्लाय मागून कातरलेल्या आल्या की जागा बदला.

पायांची काळजी घ्या. कालवं हा आपल्या खाडीचा खरा चौकीदार. रबरी स्लिपर घालून उतरलात तर तळव्याला उभा चीर पडेल, जाड तळाचे बूट हवेत. वाळूत चालताना पाय उचलून टाकू नका, घासत न्या, म्हणजे पाकट असेल तर ती आधी सरकते. शिंगाळा मासा लागला तर हुक पकडीने काढा, त्याच्या पाठीवरच्या आणि बाजूंच्या काट्यांना हात लावू नका. पाकटीचा किंवा शिंगाळ्याचा काटा लागलाच तर सोसेल इतक्या गरम पाण्यात तो भाग बुडवून ठेवा आणि डॉक्टरकडे जा. काटा आत मोडला असेल तर घरी उपसत बसू नका.

दोन ठिकाणी गरी टाकायची नाही. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास 1987 पासून सागरी अभयारण्य आहे, सुमारे 29 चौरस किलोमीटरचं. तो पट्टा सोडूनच द्या. आणि जिथे रापण लागली आहे तिथे जाऊ नका. पहाटे पुळणीवर माणसं दोन टोकांना दोर धरून उभी दिसली की समजा पाण्यात जाळं आहे, आणि त्या ओढीवर पंचवीस-तीस घरांचं दिवसाचं जेवण अवलंबून असतं. तुमची लाइन त्यात अडकली तर चूक तुमचीच. उलट, बाजूला उभं राहून दोराला हात लावलात तर मासे कुठल्या बाजूने आले, कोणते आले, हे सगळं फुकट कळतं. मला पुळणीवरच्या दागोळाच्या जागा अशाच कळल्या आहेत. पुळणीवर पहाटे अंधारात जाणार असाल तर हेडलॅम्प लाल ठेवा किंवा बंदच ठेवा. मार्च-एप्रिलमध्ये कासवांची पिल्लं याच वेळी पाण्याकडे निघतात आणि उजेडाकडे वळतात.

जिताडा लागला आणि मोठा असला तर सोडा. हा हट्ट समजा, पण कारण ऐका. हा मासा नर म्हणून मोठा होतो आणि काही वर्षांनी, मीटरभर लांबीकडे जाताना, मादी होतो. म्हणजे हातात आलेला मोठा जिताडा ही जवळपास नक्की मादीच. पावसाच्या तोंडावर ती खाडीच्या मुखाशी अंडी घालायला उतरते, आणि एप्रिल-मे हा त्याच्या तयारीचाच काळ. रायगडात जिताड्याला काय मान आहे ते मला ठाऊक आहे, गोव्यात चणकाचा, म्हणजे याच माशाचा, भावही ठाऊक आहे. खायला दीड-दोन किलोचा एखादा ठेवा, कोणी काही म्हणणार नाही. सोडायचा असेल तर पाण्याबाहेर काढूच नका. या दिवसांत उथळ पाणी तापलेलं असतं, मासा लवकर दमतो. तोंड प्रवाहाकडे धरून, तो स्वतःहून शेपूट मारेपर्यंत धरून ठेवा.

तारखा पुढे ढकलून मे महिना करावा का, असं मनात आलं तर: पहिला आठवडा ठीक. त्यानंतर पहाटेचा मतलई वारा क्षीण होत जातो, नैर्ऋत्येकडून लाटांची लांब उसळ यायला लागते आणि संध्याकाळी वळवाचे ढग चढतात. कार्बनचा रॉड हातात धरून विजेच्या ढगाखाली उभं राहू नका, लांबून गडगडलं तरी खाली ठेवा आणि निघा. समुद्रात होडीने जाणार असाल तर हैदराबादच्या इन्कॉइस या समुद्राची माहिती देणाऱ्या सरकारी संस्थेचे लाटांचे इशारे आदल्या रात्री बघा. आकाश निरभ्र असतानाही उसळ येते. 1 जूनपासून यांत्रिक होड्यांची मासेमारी बंदच, 31 जुलैपर्यंत.

दहा ते चार काय करायचं हे तुम्ही विचारलं नाहीत, पण सांगतो: जेवा आणि झोपा. उठल्यावर रॉड, रील, लाइन गोड्या पाण्यात बुडवून धुवा. नुसतं ओल्या फडक्याने पुसून चालत नाही. रीलच्या आत एक रात्र मीठ राहिलं तरी सकाळी ती खरखर बोलते. संध्याकाळी साडेपाच-सहानंतर वारा उतरतो, तेव्हा तासभर मिळतो, पण त्या वेळी पाणी कुठल्या बाजूला आहे ते बघून. पंचमीला दुपारच्या भरतीनंतरचं उतरतं पाणी संध्याकाळी मिळतं, म्हणून तो दिवस मला सगळ्यात लाडका.

फ्लायचं म्हणाल तर चार प्रकार पुरेत. पांढरी-पोपटी क्लाउझर, 1/0 हुकावर, जड डोळ्यांची, खोल पाण्यासाठी. पांढरी डिसीव्हर, पिसांची, पेडव्याएवढी (लहान माशाएवढी), 2/0 वर. सुंगटाच्या रंगाची, तपकिरी, हुक वर राहील अशी बांधलेली, म्हणजे मुळांत अडकत नाही. आणि पहाटेच्या काळोखासाठी पाण्यावर तरंगणारी फोमची गर्गलर, काळी. बकटेल (हरणाच्या शेपटीचे केस) नाही मिळालं तर अडून बसू नका. खाटकाकडून पांढऱ्या बोकडाचे शेपटीकडचे केस मागून आणा, साबणाने धुऊन उन्हात दोन दिवस वाळवा, बकटेलपेक्षा जरा मऊ पण काम देतात. डिसीव्हरच्या शेपटीला गावठी पांढऱ्या कोंबड्याची मानेवरची पिसं, ती तर देवबागलाही कोणाच्याही परसात मिळतील. हुक मात्र विकतचेच आणि चांगले आणा, मी एका वर्षी स्वस्तातले घेतले आणि पहिल्याच तांबोशीने हुक काडीसारखा सरळ केला.